मुलांची कुवत घसरली नाहीये, आपण मागणं सोडून दिलंय

तुम्ही विचारलंय की मुलगा नववीत आहे, आठवीला ८८ टक्के होते, पण परवा पेपरातला अग्रलेख वाचायला दिला तर दुसऱ्याच परिच्छेदात अडकला आणि काय कळलं विचारल्यावर गप्प बसला. मग शिक्षणाचा दर्जा खरंच घसरलाय का, टीव्ही-रील्स-सिनेमा सगळंच उथळ झाल्यामुळे हे होतंय का, की प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीबद्दल असंच वाटत असतं. मी माध्यमिक शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, दहावीच्या पेपर तपासणीला आधी परीक्षक आणि नंतर नियामक म्हणून, म्हणजे परीक्षकांनी तपासलेलं पुन्हा बघणारी म्हणून बसले, त्यामुळे माझं उत्तर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून आलेलं आहे. आणि ते आधीच सांगून टाकते. मुलांची डोकी पूर्वीइतकीच चांगली आहेत. घसरलंय ते आपण मोठी माणसं त्यांच्याकडून जे मागतो ते, आणि त्यातही एक विशिष्ट गोष्ट, सलग लांब वाचणं आणि वाचल्यावर स्वतःच्या शब्दांत काहीतरी म्हणणं.

आधी टक्क्यांचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. आपल्या दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के लागला, २०१९ ला एकदम ७७.१० वर आला आणि २०२० ला ९५.३० वर गेला. शंभरपैकी शंभर टक्के मिळवणारी मुलं २०१८ ला १२५ होती, २०१९ ला फक्त २०, आणि २०२० ला २४२. आता तुम्हीच सांगा, दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या पंधरा-सोळा लाख मुलांची बुद्धी आधी पडली आणि मग उसळी मारून वर आली असं कधी होतं का? झालं होतं इतकंच की २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, भाषेला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली होती, आणि मुख्य म्हणजे भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेने द्यायचे २० गुण काढून टाकून लेखी पेपर पूर्ण १०० चा केला होता. निकाल पडला, पालक ओरडले, अकरावीच्या ॲडमिशनला आपली मुलं इतर बोर्डांच्या मुलांपुढे मागे पडणार म्हणून आरडाओरडा झाला, आणि पुढच्याच वर्षी ते २० गुण परत आले. (२०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला आणि त्याचे सरासरीने गुण दिले, ते वेगळं. २०२१ ला तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के.)

या २० गुणांचं गणित करून बघा. पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात आणि ते लेखी-तोंडी मिळून धरतात. शाळेने तोंडीचे १८ दिले, आणि शाळा १८ च्या खाली सहसा जात नाही, तर लेखी ८० पैकी १७ मिळाले की मुलगा मातृभाषेत पास. वर सहा विषयांपैकी चांगले पाच धरून टक्के काढायचे, आणि चित्रकलेच्या परीक्षा, शास्त्रीय नृत्य-संगीत, खेळ यांचे वाढीव गुण. म्हणजे ८८ किंवा ९२ हा आकडा आता फार थोडं सांगतो. त्यावरून दर्जा वाढला असंही म्हणता येत नाही आणि घसरला असंही नाही. तोंडी परीक्षेला माझा अजिबात विरोध नाही, उलट श्रवण आणि भाषण नीट तपासलं तर भाषेची निम्मी परीक्षा तिथेच होते, एखाद्या लाजऱ्या मुलाला वर्गासमोर दोन मिनिटं बोलायला लावणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण एका वर्गात साठ-सत्तर मुलं, मार्चआधी पोर्शन संपवायची घाई, त्यात इलेक्शन ड्युटी, सर्वेक्षणं, मग तोंडी परीक्षा म्हणजे तक्त्यात आकडे भरणं एवढंच उरतं.

आता पेपरच्या आत काय होतं ते सांगते, कारण खरी घसरण तिथे दिसते. कृतिपत्रिका आणण्यामागचा हेतू चांगला होता, घोकंपट्टी बंद व्हावी आणि मुलांनी समोरचा उतारा वाचून उत्तर द्यावं हा. त्यासाठी आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, ओघतक्ता पूर्ण करा अशा आकलनाच्या कृती असतात आणि शेवटी तीन गुणांची स्वमताची कृती. मुलं काय शिकली? उताऱ्यात शब्द शोधायचा, सापडला की चौकटीत टाकायचा. उतारा वरपासून खालपर्यंत वाचायची गरजच पडत नाही, कृतीतला शब्द मनात धरून ओळींवरून नजर फिरवली की काम होतं, आणि क्लासमध्ये हीच ट्रिक म्हणून शिकवतात. आणि स्वमत? स्वमत गाईडमध्ये तयार छापून मिळतं. दुसऱ्याने लिहिलेलं स्वतःचं मत पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं, हे मी गठ्ठेच्या गठ्ठे बघितलंय. पाण्याच्या बचतीवर स्वमत आलं की एकाच केंद्रावरच्या उत्तरपत्रिकांत एकामागून एक तेच, ‘पाणी म्हणजे जीवन. पाण्याशिवाय मानवी जीवनाची कल्पनाच करता येत नाही.’ स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी.

अशाच एका गठ्ठ्यात एका मुलीचं उत्तर होतं, ते मला अजून जवळजवळ तोंडपाठ आहे. तिने लिहिलं होतं, आमच्या गावात टँकर आठवड्यातून दोनदा येतो, त्या दिवशी आई मला शाळेत पाठवत नाही, आम्ही आंघोळीचं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं जनावरांना वापरतो, त्यामुळे बचत कशी करायची हे आम्हाला सांगण्यापेक्षा ज्यांच्या घरी चोवीस तास नळ आहे त्यांना सांगावं असं माझं मत आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, वाक्यं तुटक होती. परीक्षकाने तीनपैकी एक गुण दिला होता, कारण नमुना उत्तरातले मुद्दे त्यात नव्हते. मी तीनपैकी तीन केले आणि त्या परीक्षकांना बोलावून घेतलं. ते वाईट शिक्षक नव्हते हो, अगदी कळकळीचा माणूस, म्हणाले मॅडम, मुद्दे जुळत नाहीत तर मी गुण कशावर देऊ, उद्या पुनर्मूल्यांकनाला गेलं तर उत्तर मी द्यायचं. त्यांचंही खरं होतं. पण विचार करा, दीडदोनशे मुलांत एकीने खरोखर विचार केला आणि आपल्या व्यवस्थेने तिला सगळ्यात कमी गुण दिले, आणि ज्यांनी उतरवलं त्यांना अडीच. पहिलीपासून मुलाला हेच कळत जातं की स्वतःचं लिहिलं की गुण जातात. मग तो नववीत अग्रलेखावर काय वाटलं विचारल्यावर गप्प बसतो. तुमचा मुलगा गप्प बसला यात मला मठ्ठपणा दिसत नाही, त्याला शाळेने शिकवलेली सावधगिरी दिसते.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे जे आपण म्हणतो त्याबद्दल. आमच्या वेळी वर्गात कोण होतं ते आठवा. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षर माणसं साधारण ३५ टक्के होती, २०११ ला ८२ च्या वर गेली. त्याहून मागे गेलात तर मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली, पास झालेली मुलं वीस-बावीस, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर. त्या वीस-बावीस जणांशी आजच्या पंधरा लाखांची तुलना करून दर्जा घसरला म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. महात्मा फुल्यांनी १८८२ ला ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं ते जरूर वाचा, सरकार उच्च शिक्षणावर पैसा खर्च करतंय आणि बहुजनांच्या प्राथमिक शाळांत धड शिकलेला मास्तर नाही, त्याला पगार पुरेसा नाही, जे शिकवतात ते शेतकऱ्याच्या पोराच्या उपयोगाचं नाही, ही सगळी तक्रार त्यात आहे. ज्या काळाला आपण सुवर्णकाळ समजतो त्या काळात बहुतेक मुलं शाळेच्या बाहेर होती, त्यामुळे त्यांना वाचता येत नाही हे कुणाला दिसतच नव्हतं. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा कुठे ही दारं उघडत गेली. माझ्या वर्गातली अर्धी मुलं घरातली पहिली दहावी पास होणारी असायची. त्यांच्या येण्याला दर्जाची घसरण म्हणायला मी कधीच तयार होणार नाही.

पण म्हणून सगळं छान चाललंय असंही नाही. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते, खेड्यांमधल्या घरोघरी जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. देशभरात पाचवीतल्या मुलांपैकी तो उतारा वाचू शकणारी २०१८ ला निम्मी होती, कोरोनानंतर २०२२ ला ४३ टक्क्यांच्या आसपास आली आणि २०२४ ला परत निम्म्याच्या जवळ पोचली. म्हणजे कोरोनाने पाडलं आणि त्यातून बरंच भरून निघालं ही चांगली बातमी, पण भरून निघून आलो कुठे तर पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही इथे. आणि याचे गुन्हेगार म्हणून मोबाईलकडे बोट दाखवून चालणार नाही, खेड्यातल्या पोरांच्या हातात स्मार्टफोन आले त्याच्या कितीतरी आधीपासून हा आकडा निम्म्याच्या आसपासच घुटमळतोय.

जगात बघाल तर तिथेही चित्र सरळ नाही. जेम्स फ्लिन नावाच्या अभ्यासकाने १९८४ ला दाखवून दिलं की अमेरिकेत बुद्ध्यांक पिढ्यान् पिढ्या वाढत गेलाय, दशकाला साधारण तीन गुणांनी. मग २०१८ ला नॉर्वेतल्या सैन्यभरतीच्या चाचण्यांचा अभ्यास आला, त्यात १९७५ च्या सुमारानंतर जन्मलेल्यांचे गुण उतरताना दिसले, आणि ते एकाच घरातल्या भावाभावांतही दिसले, म्हणजे कारण रक्तात नसून परिसरात आहे. २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत श्रीमंत देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची गणित आणि वाचनाची सरासरी २०१८ पेक्षा चांगलीच खाली आली. भारत त्या चाचणीत २००९ च्या फेरीला तमिळनाडू आणि हिमाचलमार्फत उतरला होता, जवळजवळ तळाला आला, आणि नंतर उतरलाच नाही. मला स्वतःला हे पटत नाही, खाली आलो तर आलो, पण आरशात बघायचं कशाला सोडायचं.

आता टीव्ही-रील्स-सिनेमा. इथे मी बहुतेक सहकाऱ्यांपेक्षा वेगळं बोलते. लोकप्रिय गोष्टी पूर्वीही हलक्याफुलक्याच होत्या. आपण आठवणीत ‘सत्यकथा’सारखं वाङ्मयीन मासिक ठेवतो, पण ‘सत्यकथा’ वाचणारे मूठभर होते आणि ती १९८२ ला बंद पडली. एसटी स्टँडवर आणि चाळीत लोक वाचायचे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, त्यांनी हजाराच्या वर लिहिल्या. रोजच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या त्यावर चालायच्या. मास्तर लोक नाकं मुरडायचे. पण एक बघा, शंभर पानांची रहस्यकथा वाचणारा पोरगा शंभर पानं सलग वाचत होता, कोण कुठे होता, कुणी काय लपवलं हे डोक्यात धरून. दर्जा कसाही असो, लांबी त्याला शिकवत होती. आज हलकं असण्याबद्दल माझी तक्रार नाही, रीलमध्ये सुद्धा हुशार लोक हुशार गोष्टी सांगतात, माझे जुने विद्यार्थी शेतीवर, इतिहासावर फार छान व्हिडिओ करतात. तक्रार लांबीची आहे. दीड मिनिटात सुरुवात, मधला भाग, शेवट सगळं संपतं आणि त्यात आधीचं लक्षात ठेवावं असं काही लागतच नाही. त्याच वेळी हीच मुलं दोन-दोन तासांचे मराठी पॉडकास्ट ऐकतात हेही मी बघते, म्हणजे लक्ष लागत नाही हे खरं नाहीये. ऐकताना लागतं, वाचताना लागत नाही, कारण वाचायचा सराव तुटलाय. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे, ऐकण्याची परंपरा आपल्याकडे दांडगी आहे. वाचनाचं तसं नाही, वाचन डोळ्यांना आणि मनाला घडवून घ्यावं लागतं, ते लिपी शिकली की आपोआप येतं असं आपण धरून चाललो.

त्यात आणखी एक गाठ बसलीय ती माध्यमाची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आईवडिलांना इंग्रजी जेमतेम, शाळेतल्या बाईंनाही जेमतेम. अशा मुलाला इंग्रजी उतारा वाचता येतो पण अर्थ लागत नाही, आणि मराठीत अर्थ लागला असता पण वाचायचा वेग नाही. वेग नसला की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते, हे अगदी साधं कारण आहे आणि बहुतेक ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून आणलेल्या मुलांचं खरं दुखणं हेच निघतं. मोठ्याने वाचायला लावलं की पाच मिनिटांत कळतं. पुढे अकरावी सायन्सला गेलं की स्कोअरिंग म्हणून मराठी सोडून आयटी घ्यायचं, सीईटी वस्तुनिष्ठ, मेडिकलची ‘नीट’ परीक्षा वस्तुनिष्ठ, जेईई जवळजवळ सगळी वस्तुनिष्ठ, म्हणजे दहावीनंतर मुलाला सलग एक पान स्वतःच्या विचाराने लिहायला कुणी सांगतच नाही.

याचा परिणाम कुठे फुटतो ते एमपीएससीत दिसलं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून वस्तुनिष्ठ होती, आयोगाने २०२२ ला ठरवलं की २०२३ पासून परत वर्णनात्मक करायची. पुण्यात मुलं रस्त्यावर आली, आंदोलन झालं, आणि शेवटी ते २०२५ पर्यंत पुढे ढकललं. त्या मुलांना कुणी आळशी म्हणालं की मला राग येतो. ती मुलं अभ्यासिकेत दहा-दहा तास बसतात, गावाकडून येणाऱ्या पैशात एक वेळच्या मेसवर दिवस काढतात, आणि वयाची मर्यादा डोक्यावर असते. त्यांचं म्हणणं होतं, इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडून गोळे रंगवून घेतले, आता अचानक निबंध मागता. यात मुलांची चूक कुठेय? पण वर्णनात्मक परीक्षा यायलाच हवी होती असं माझं ठाम मत आहे, कारण उद्या हाच मुलगा तहसीलदार होऊन एखाद्या बाईच्या जमिनीच्या दाव्यावर निकाल लिहिणार आहे, तिथे चार पर्याय छापून येत नाहीत. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडून कारण देता यायला हवं. आणि परीक्षा मागायला लागली की तयारी बदलते हे आत्ताच दिसतंय, अभ्यासिकांत उत्तरलेखनाचा सराव सुरू झालाय, मुलं एकमेकांची उत्तरं तपासतात. मागितलं की येतं, ते असं.

तर तुमच्या मुलासाठी. एकदम अग्रलेख देऊ नका, ती उडी मोठी आहे. त्याला ज्यात रस आहे त्यातलं, क्रिकेट असेल तर सामन्याचं लांब वार्तांकन, रोज एक, आणि सुरुवातीला ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं. अडखळला तर तो शब्द तुम्ही सांगून पुढे जायचं, थांबवून शिकवायचं नाही. वाचून झालं की पेपर मिटायचा आणि त्याने काय होतं ते तोंडी सांगायचं. मग वहीत चार-पाच ओळी, त्यातली एक तरी ‘मला हे पटलं’ किंवा ‘पटलं नाही, कारण’ अशी. पहिला महिनाभर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका, लाल पेन तर नकोच, आणि त्याचं मत तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तर खोडून काढू नका, ‘का वाटतं’ एवढंच विचारा. माझ्या नववीच्या वर्गांत हेच करायचे, तासाची पहिली पंधरा मिनिटं, दिवाळीपर्यंत काही दिसायचं नाही आणि पालक विचारायचे की पोर्शनचं काय. साधारण जानेवारीपासून वहीतल्या चार ओळींच्या आठ व्हायच्या, आणि मुलं आपणहून लांबलचक उतारे मागायला लागायची. शाळेच्या पालकसभेला गेलात तर टक्क्यांबद्दल कमी विचारा, आणि बाईंना एवढं नक्की विचारा की या महिन्यात मुलांनी गाईडमध्ये न बघता स्वतःचं असं काय लिहिलं आणि ते आम्हाला वाचायला मिळेल का. गावात अनुदानित वाचनालय असेल, राज्यात अशी अकरा-बारा हजार आहेत, तर त्याचं नाव तिथे घाला. बऱ्याच ठिकाणी कपाटाला कुलूप असतं आणि बाहेर फक्त वर्तमानपत्रं, तर ग्रंथपालांकडे किल्ली मागा. ते उघडून देतात, मागणारं कुणी येत नाही म्हणून कुलूप असतं.